कमी बजेटमधला रॅचेट आणि गोटी सेट: दुकानात हातात घेतल्यावर नेमकं काय तपासायचं?

भोगावतीकाठ
नमस्कार मंडळी. आयटीआय फिटर केलंय. राधानगरी रस्त्यावरच्या आमच्या गावात मोटार-पंप आणि ट्रॅक्टरची किरकोळ दुरुस्ती सुरू करून आठ महिने झाले. आतापर्यंत फिक्स पाने, रिंग पाने आणि शेजाऱ्याचा उसना रॅचेट (नटावर टोपीसारखी बसणारी गोटी लावून एकाच दिशेला फिरवणारा दांडा) यांवर भागवलं. परवा उसाच्या ट्रॉलीच्या चाकाचा नट सोडवताना तो रॅचेट दाब असताना घसरला. हात पाट्यावर आपटला, तीन बोटांचे सांधे सोलले. नट तसाच राहिला आणि ट्रॉलीवाल्याची कारखान्याची खेप चुकली.
आता स्वतःचा सेट घ्यायचाय. बजेट ३,००० रुपये. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात तीन दुकानं फिरलो. सगळे सेट चकाचक, सगळ्यांवर क्रोम व्हॅनेडियम (पोलादाचा प्रकार) लिहिलेलं, आणि किमतीत तिपटीचा फरक. हातात घेऊन कशावरून ओळखायचं ते अनुभवी लोकांनी सांगावं. अजून एखादा चुकीचा खर्च मला झेपणार नाही.

ट्रॉलीवाला_कागल
भावा, नावाजलेल्या कंपनीचं घे. आपल्या नाशकात टापारिया १९६९ पासून हत्यारं बनवतंय. माझ्या वडिलांची पक्कड अजून चालालीया.

लक्ष्मीपुरी_काउंटर
मी स्वतः हार्डवेअरच्या काउंटरवर उभा असतो. नाव बघून घेणं चूक नाही, पण नावाजलेल्या मालाच्या नकलाही बाजारात फिरतात. बिल द्यायला दुकानदार का-कू करत असेल तर तो माल घेऊ नका. हत्यारावरचं नाव ठाशीव आणि एकसारख्या खोलीचं आहे का ते बघा. नुसती छपाई असली तर नखाने खरवडून बघा.
आणि नगांच्या आकड्याला भुलू नका. "४६ नग" म्हणून विकतात, त्यातले वीस-पंचवीस नग बारीक बिट (पेचकसाची सुटी टोकं) असतात. तुमच्या कामाच्या गोट्या मोजा, मापं मिलिमीटरमध्ये: १०, १२, १३, १४, १६, १७, १८, १९, २२, २४. ट्रॅक्टर असेल तर ३० आणि ३२ सुट्या घ्या. स्वस्त सेटात १६ आणि १८ हमखास गाळलेल्या असतात. जुन्या धाटणीच्या एम-१० (१० मिलिमीटर जाडीच्या) बोल्टाला १७ लागते, आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानकाच्या) एम-१० ला १६. एम-१२ चंही तसंच, जुना १९ आणि नवा १८. जपानी मापाच्या बाइकला एम-८ साठी १२ आणि एम-१० साठी १४. सेटात १६ नसली की पोरगं १७ लावतं आणि बोल्टाचे कान (कोपरे) मारतं.

उद्यमनगरचा_फिटर
बाळ, आधी हाताची काळजी घे. सांधा सुजला असेल तर दोन दिवस पाना धरू नको.
मी एकेचाळीस वर्षं उद्यमनगरच्या कारखान्यांत काढली. सुरुवात ऑइल इंजिनाच्या जोडणीवर, नंतर पंप. आता घरीच असतो, पण हत्यार हातात आल्याशिवाय दिवस जात नाही. तू नेमकं विचारलंस म्हणून सविस्तर लिहितो.
दुकानात जाताना खिशात एम-१२ चा एक बोल्ट आणि त्याचा नट घेऊन जा. नट आट्यांवर चार फेरे सैल फिरव. बोल्ट डाव्या हातात धर, उजव्या हाताने गोटी लावून रॅचेट नटावर चढव आणि मागेपुढे हलव. पुढे नेताना नट फिरला पाहिजे, मागे आणताना जागेवर राहिला पाहिजे. मागे येताना रॅचेट नटालाही परत ओढत असेल, तर तो रॅचेट ऐन कामात तुझा शत्रू आहे. सैल नट तो कधी चढवूच देणार नाही, प्रत्येक वेळी गोटीला बोटाने धरावं लागेल. पंपाच्या फ्लँजमागे (पाइप जोडायच्या कडेमागे) बोट जात नाही, तिथे काय करशील? आतल्या चाकाला दात किती, वजन किती, चमक किती हे सगळं मला या एका परीक्षेनंतरचं वाटतं. नव्या मालात घट्ट ग्रीस भरलेलं असतं, त्यामुळे थोडा जडपणा येतो. म्हणून दुकानात पन्नास-साठ वेळा फिरवून मग पुन्हा नटावर लाव. तेवढ्याने सुटला तर ग्रीसचा दोष. नाही सुटला तर खटक्याची (दातात अडकणाऱ्या जिभेची) स्प्रिंग किंवा दात ओबडधोबड आहेत.
मग डोकं बघ. गोटी बसते तो चौकोन चिमटीत धरून वर-खाली आणि आजूबाजूला हलव. थोडा खेळ सगळ्यांनाच असतो, पण डोकं आतून खुळखुळत असेल तर खटका दातावर पुरा बसत नाही. तुझा उसना रॅचेट घसरला तो बहुधा यामुळेच. खटका दाताच्या टोकावर अर्धवट टेकतो, हाताला वाटतं की पकडलंय, आणि पूर्ण जोर आल्यावर सुटतो. दिशा बदलायची कळ बघ. ती खटकन बसली पाहिजे, मध्येच लोंबकळता कामा नये, आणि तळव्याच्या धक्क्याने उलटता कामा नये. चौकोनावरची छोटी गोळी दाबून बघ, परत उसळून वर येते का. गोटी लावून डोकं खाली धर आणि झटका दे. गोटी पडली तर एक दिवस ती इंजिनाच्या पोटात पडेल.
डोक्याची मागची बाजू बघ. स्क्रू किंवा सर्क्लिप (काढता येणारी कडी) असेल तर रॅचेट उघडता येतो. रिबिट मारून बंद केलेला असेल तर खटका तुटला की भंगार. दुकानदाराला स्पष्ट विचार, याचा दुरुस्ती किट मिळतो का? चाक, खटका, स्प्रिंग असा किट मिळत असेल तर दोनशे-तीनशे जास्त गेले तरी चालतील.

इचलकरंजी_जॉबर
काकांचं सगळं पटलं. पण दातांचा विषय इतका मागं टाकायचा न्हाई. मी मागांवर जॉबर हाय, म्हंजे यंत्रमागांचा दुरुस्तीवाला. आमच्यात हात घालायला जागा किती आसत्या ते बगा. २४ दातांच्या रॅचेटला एक दात पुढं जायला १५ अंश फिरवावं लागतंय, ३६ ला १०, ७२ ला ५. पाव मीटरच्या दांड्याला ५ अंश म्हंजे मुठीला २२ मिलिमीटर हलायला जागा फुरं. १५ अंशाला ६५ मिलिमीटर पायजेत. मागाच्या साइड फ्रेमच्या आत ६५ मिलिमीटर येणार कुटनं? माझा ७२ दातांचा ३/८ इंची (हे चौकोनाचं माप) रॅचेट हाय, त्याच्याशिवाय माझं पान हलत न्हाई.
दात मोजायचं सोपं हाय. चौकोनावर पेनानं खूण करायची आन् एका फेऱ्यात किती टक-टक होत्यात ते मोजायचं. दोन खटकं आलटून-पालटून बसणारे आसतील तर आवाज दातांच्या दुप्पट येतंय, तेवढं ध्यानात ठेवा.

गोकुळशिरगाव_मेंटेनन्स
जॉबर दादा, तुमच्याकडे कापसाची धूळ, आमच्याकडे वाळू. मी फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे. मोल्डिंगची वाळू म्हणजे सिलिका, बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी. ती कुठेही शिरते. बारीक दातांच्या दोन रॅचेटांचा मी एका वर्षात बळी दिला. दात जितका बारीक तितकी त्याची खोली कमी, आणि दोन दातांमध्ये वाळूचे कण दाबून बसले की खटका तळापर्यंत जातच नाही. वरून आवाज व्यवस्थित येतो, पकड मात्र अर्धी. शेवटी ३६ दातांचा घेतला, तो चौथं वर्ष चालवतोय. भोगावतीकाठ, तुमचं काम चिखल आणि मातीतलं आहे. मी तुमच्या जागी असते तर ३६ किंवा ४८ घेतला असता.
दुसरी गोष्ट ग्रीसची. रॅचेट जड झाला की लोक त्यात चाकाचं घट्ट ग्रीस भरतात. घट्ट ग्रीसमध्ये हलकी स्प्रिंग खटक्याला वेळेवर ढकलू शकत नाही, मग खटका उशिरा बसतो आणि घसरतो. त्यात वाळू मिसळली तर घासायची पेस्टच तयार होते. रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा, कोरडा करा, पातळ मशीन तेलाचे दोन थेंब. एवढंच.

हीट_ट्रीटमेंट_शिरोली
"क्रोम व्हॅनेडियम" या शिक्क्याबद्दल लिहायलाच हवं, कारण माझं रोजचं काम तेच आहे. शिक्का मारायला पैसे लागत नाहीत. आणि पोलाद खरंच क्रोम व्हॅनेडियम असलं तरी त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून कसं विझवलंय, यावर सगळं ठरतं. तेलात विझवून कडक केलं आणि टेंपर करून, म्हणजे पुन्हा हलकं तापवून, कडकपणा नीट उतरवला नाही तर गोटी काचेसारखी तडकते. फार उतरवला तर षटकोन पसरतो आणि चौकोन पिळला जातो. हाताने वापरायची चांगली गोटी साधारण ४० ते ४८ रॉकवेल सी (कडकपणाचं माप) मध्ये असते. पक्कडीच्या कापायच्या धारेला त्याहून बरंच जास्त लागतं, कानशीला ६० च्या वर. सगळंच कडक म्हणजे सगळंच चांगलं, हा समज डोक्यातून काढा.
एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने स्वस्त सेटातल्या दोन गोट्या आणून दिल्या होत्या. क्रोम घासून, सपाट करून मशीनवर लावल्या. गोल पृष्ठभागावर तसंच माप घेतलं तर आकडा कमी दाखवतो, म्हणून सपाट करावं लागतं. एकाच डब्यातल्या दोन गोट्या आणि दहा अंकांहून जास्त फरक. म्हणजे भट्टीत माल एकसारखा तापलाच नव्हता. असा सेट घेतल्यावर एक गोटी वर्षं चालेल आणि तिची शेजारीण पहिल्याच दिवशी फाटेल.
तुमच्याकडे मशीन नाही, पण कानस आहे. एखादी सुटी गोटी विकत घ्या, घरी नेऊन तळाच्या कडेवर कानस मारा. कानस लोण्यातून जावी तशी गेली तर मऊ. काचेवरून घसरावी तशी घसरली, जराही चावली नाही, तर फार कडक आणि ठिसूळ. नेटाने दाबल्यावर थोडी चावली तर ठीक. ती गोटी पसंत पडली तरच बाकीच्या त्याच मालातून घ्या.
तुटलेलं हत्यार फेकण्याआधी तुटलेली जागा बघत जा. बारीक, मऊसर राखाडी दाणा असेल तर पोलाद बरं होतं, जोर जास्त झाला. साखरेसारखे मोठे चमकदार दाणे दिसले तर भट्टीत जादा तापलंय. अर्धी जागा काळी-तांबूस आणि अर्धी ताजी दिसली तर भेग आधीपासून होती.
एक कळकळीची विनंती. क्रोमच्या चकचकीत गोट्या हवेच्या गनवर (नट सोडवायच्या यंत्रावर) लावू नका. गनसाठी जाड भिंतीच्या, काळ्या रंगाच्या, क्रोम मॉलिब्डेनमच्या गोट्या वेगळ्या येतात. क्रोमची गोटी गनवर फुटली की तिचा तुकडा कुणाच्या डोळ्यात जाईल ते सांगता येत नाही.

ट्रॉलीवाला_कागल
गनचं मी करत होतो. उद्यापासून बंद.

भोगावतीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका. आमच्याकडे चाकाचा नट सुटत नसेल तर रॅचेटच्या दांड्यात पाइप घालतात. परवा मीही तेच केलं होतं. चांगला रॅचेट घेतला तर तो हे सहन करेल का?

गोकुळशिरगाव_मेंटेनन्स
नाही. आणि याचा हिशोब कागदावर करून बघा, म्हणजे पुन्हा पाइपला हात जाणार नाही.
अर्धा इंची रॅचेटने चाचणीत किमान ५१२ न्यूटन-मीटर (पिळाच्या जोराचं माप) सोसलं पाहिजे असं आयएसओचं मानक सांगतं. पाव मीटरच्या दांड्यावर तुम्ही ४० किलोचा जोर दिला तर साधारण ९८ होतात. म्हणजे नुसत्या हाताने वापरलेला चांगला रॅचेट मर्यादेच्या पाचव्या हिश्शात काम करतो. आता मीटरभर पाइप घाला आणि ६० किलोचा माणूस त्याच्या टोकावर उभा करा: ५८८. मानकावर उतरलेला रॅचेटही तिथे हमी देत नाही, आणि बाजारातल्या स्वस्त मालाची अशी चाचणी झालेली असतेच असं नाही.
जाम नट फोडायला रॅचेट नसतोच. त्यासाठी नुसता चौकोन असलेला लांब दांडा घ्या. आत ना खटका ना दात, मोडण्यासारखं काही नाही. नट एकदा कुरकुरला की मग रॅचेट लावा. आणि शक्य तिथे ढकलण्याऐवजी स्वतःकडे ओढा. सुटलं तर हात मोकळ्या हवेत येतो, पाट्यावर आपटत नाही.

उद्यमनगरचा_फिटर
ताईंनी फार मोलाचं लिहिलंय. आम्हाला उस्तादांनी हेच शिकवलं होतं, आकडे माहीत नव्हते. त्यात एवढंच घालतो की, जाम नटावर आधी तेल सोड, तासभर थांब, बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे दोन सरळ ठोके दे. आणि गोटी सहा कोनांचीच घे. बारा कोनांची पटकन बसते, पण ती नटाच्या कोपऱ्याजवळ पकडते. गंजलेल्या नटाला आधीच कोपरे राहिलेले नसतात. एम-८ च्या चांगल्या बोल्टाचं डोकं १३ मिलिमीटरचं म्हणतो आपण, पण मानकातच १२.७३ पर्यंत सूट आहे. त्यात गंज गेला, त्यात गोटी सैल. मग बारा कोन किती धरणार?
गोटीच्या तोंडाशी आत उतार किती खोल दिलाय तेही बघ. उतार फार खोल असेल तर पातळ नटावर गोटीची पकड दोन-तीन मिलिमीटरवरच राहते.

आंबेवाडीकर
२०१९ च्या पुरात माझं वर्कशॉप छपरापर्यंत पाण्यात होतं, २०२१ ला पुन्हा कमरेच्या वर. हत्यारांची पेटी चिखलातून काढली तेव्हा जे दिसलं ते सांगतो.
पाणी सगळ्यांवर सारखंच आलं होतं. काही पाने नुसते पुसून आणि डिझेलने धुऊन परत कामाला लागले. काहींचं क्रोम पापुद्र्यासारखं निघालं, आणि ते पापुद्रे ब्लेडसारखे हाताला लागतात. तेव्हापासून मी नवीन हत्यार घेताना कोपरे आणि शिक्क्याची अक्षरं यांवरून बोट फिरवतो. तिथे क्रोमचे फोड, टोचणारी कड किंवा पिवळट डाग असतील तर खालचं काम घाईत उरकलेलं असतं. नुसत्या चमकेने काही कळत नाही, चमक सपाट भागावर कुणीही आणतं.
रॅचेट तीन होते. दोन उघडता येत होते. त्यांतला गाळ काढला, एकाची स्प्रिंग बदलली, दोन्ही आजही चालतात. तिसरा बंद डोक्याचा, सगळ्यांत महाग तोच होता. आतला गाळ शेवटपर्यंत निघाला नाही. काकांचा किटचा मुद्दा म्हणून मी सगळ्यांच्या वर ठेवतो.

इचलकरंजी_जॉबर
बाकीच्या हत्यारांचंबी थोडक्यात सांगतो, हातासरशी घेणारच आसशील तर. पक्कड मिटून उजेडाकडं धर, कापायच्या धारंतनं उजेड दिसला तर ठेव परत. स्क्रू पान्याचा हलता जबडा हलवून बग, बोटाएवढा डुलत आसंल तर नटाचं कान जाणार. फिक्स पान्यावर आयएस २०२८ (भारतीय मानक) लिवलंय का बग. पेचकसात पैसे घाल, टोक मऊ आसलं तर स्क्रूचं डोकं खराब होतंय आन् मग दिवस जातोय. हातोडी, छिन्नी, डबा हे स्वस्तातलं चालतंय.

लक्ष्मीपुरी_काउंटर
छिन्नी स्वस्तातली चालते हे मला मान्य नाही. डोकं फुलाच्या पाकळ्यांसारखं पसरतं आणि तुकडा उडतो. पसरलेली कड ग्राइंडरवर काढत राहा.

इचलकरंजी_जॉबर
बरोबर हाय. छिन्नी काढून टाकतो यादीतनं.

भोगावतीकाठ
नऊ दिवसांनी लिहितोय. खरेदी झाली, त्याचा हिशोब देतो.
पूर्ण सेट घेतलाच नाही. खिशात एम-१२ चा नट-बोल्ट घेऊन गेलो. दुकानदाराने एकामागून एक सहा रॅचेट काढून दिले, रागावला नाही. सहापैकी चार नटाला परत ओढत होते. त्यांतला एक सगळ्यांत जड आणि चमकदार होता, आठवड्यापूर्वी मी तोच उचलला असता. उरलेल्या दोनपैकी एकाचं डोकं रिबिटचं. शेवटी ३६ दातांचा, मागे स्क्रू असलेला घेतला. किट मिळतो असं दुकानदाराने बिलावर लिहून दिलं. गोट्या सुट्या, सहा कोनी: १०, १२, १३, १४, १६, १७, १८, १९, २२, २४. आधी फक्त १७ घेतली, घरी कानस मारून बघितली, कानस किंचित चावली, मग दुसऱ्या दिवशी त्याच मालातल्या बाकीच्या आणल्या. लांब दांडाही घेतला. सगळं मिळून ३,०००च्या वर १८० गेले.
काल तोच ट्रॉलीवाला आला. तेल सोडून तास थांबलो, दांड्याने स्वतःकडे ओढलं. दुसऱ्या ओढीला नट कुरकुरला. पुढचे पाच नट रॅचेटने काढले.
आता नवीन अडचण. गावातल्या एका गुऱ्हाळावर जुनं ऑइल इंजिन आहे, मालकाच्या आजोबांच्या वेळचं. त्याचे काही नट कुठल्याच गोटीत नीट बसत नाहीत. एका मापाच्या नटाला १८ छान बसली. दुसऱ्याला २३ चा पाना जात नाही आणि २४ ची गोटी सैल होते. नट झिजलेत का?

उद्यमनगरचा_फिटर
वाचून समाधान वाटलं, बाळ.
नट झिजलेले नाहीत. ते व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्लिश इंची मापाचे आहेत. त्यात पान्यावरचा आकडा बोल्टाच्या जाडीचा असतो, नटाच्या रुंदीचा नाही. ३/८ व्हिटवर्थचा नट ०.७१० इंच म्हणजे १८.०३ मिलिमीटर, म्हणून तुझी १८ बसली. १/२ चा नट ०.९२० इंच, म्हणजे २३.३७. तो २३ मध्ये जाणार नाही आणि २४ मध्ये सहा दशांश सैल राहणार. २४ लावून जोर देऊ नको, कोपरे जातील आणि तसे नट आता सहज मिळत नाहीत. पुढे जाऊन या मापांतली डोकी लहान केली गेली, त्यामुळे कुठे १/२ च्या बोल्टाचं डोकं २०.८३ चंही भेटेल. त्याला २१ ची गोटी चालते. म्हणून प्रत्येक नटाला आधी कॅलिपर लाव. आटेही वेगळे आहेत, त्यांचा कोन ५५ अंशांचा, आपल्या मेट्रिकचा ६०. बदली म्हणून एम-१२ चा नट त्यावर चढवायला जाऊ नको.
माझ्याकडे १/२ आणि ५/८ व्हिटवर्थचे रिंग पाने आहेत, इंजिनांच्या काळातले. रविवारी सकाळी उद्यमनगरात ये आणि घेऊन जा. गुऱ्हाळाचं काम झाल्यावर परत आण. आणि येताना तुझा नवा रॅचेट घेऊन ये, मला तो हातात धरून बघायचाय.